पाहुण्या यंत्राचें घड्याळ

लग्नघरीं घटिका स्थापन करण्याची चाल महाराष्ट्रांत पुष्कळ पिढ्या चालत आली होती. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याची एक लहानशी वाटी सोडीत. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्या छिद्रांतून पाणी वर चढे, वाटी भरे आणि बुडे. वाटी बुडाली कीं एक घटका झाली; म्हणजे आजच्या हिशेबानें २४ मिनिटें. जवळ बसलेला जोशी ती वाटी उपसून पुन्हां पाण्यावर ठेवी आणि एक खूण करी. अशा ६० खुणा झाल्या म्हणजे एक अहोरात्र पुरें होई. या व्यवस्थेंत वाटीच्या छिद्रापेक्षांहि जोशीबोवांच्या जागरूकतेला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट पाहणाराच्या सहसा लक्षांत येत नाहीं. त्यांना डुलकी लागली आणि दचकून पाहतात तों वाटी तळाशीं! ती आतांच बुडाली, कीं तिला बुडून तीन घटका लोटल्या, हें वाटी सांगत नाहीं. बुडालेली वाटी एकच घटका दाखविते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा या वाटीशींच निगडित आहे. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधावा म्हणून आचार्यांनीं घटिकापात्र मांडलें; कौतुकानें वांकून पाहणाऱ्या लीलावतीच्या अंगावरील एक मोतीं त्यांत पडून छिद्र बुजलें, आणि वाटी बुडण्याची वाट पाहतां पाहतां मुहूर्त टळून गेला. ही कथा फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फारसी भाषांतरांत आढळते. तिला इतिहास म्हणतां येणार नाहीं. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांच्या नातवानें मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, तो मात्र इतिहास. तथापि कथेंतील मर्म खोटें नाहीं. काळ जाणण्याच्या रीति दोनच: एक मोजण्याची, दुसरी विचारण्याची. वाटी मोजीत राहावें, किंवा अंगणांत शंकू रोवून त्याच्या छायेवरून सूर्याला विचारावें. शहाणा जोशी दोन्ही करी. मोजण्यांत आलेली चूक माध्यान्हीं सूर्याकडून दुरुस्त करून घेई.

हें जुनें प्रकरण काढण्याचें कारण असें कीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेल्या संगणकयंत्रांना नेमका हाच प्रश्न पडला. आणि त्यांतहि जीं यंत्रें वस्तुतः नाहींतच, केवळ आहेत असें भासतें, त्यांना तो फारच अवघड गेला.

साध्या संगणकाची रीति प्रथम पाहूं. त्याच्या पोटांत क्वार्ट्झचा एक स्फटिक विजेच्या योगानें ठराविक गतीनें कंप पावत असतो. ते कंप मोजणारी एक चकती असते, आणि ठरलेली संख्या भरली कीं ती मुख्य यंत्राला एक टोला देते. टोला ऐकतांच यंत्र हातांतलें काम क्षणभर बाजूला ठेवून आपल्या वहींत एक खूण करतें आणि पुन्हां कामाला लागतें. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें जो वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, त्यांतील ही चकती सेकंदाला ११,९३,१८२ कंप मोजी आणि ६५,५३६ कंपांमागें एक टोला देई. म्हणजे सेकंदाला सुमारें १८.२ टोले. हे आंकडे असे वेडेवांकडे कां, याचें उत्तर गमतीचें आहे. त्या यंत्राचा मूळ स्फटिक अमेरिकेंतील रंगीत दूरचित्रवाणीच्या लहरींशीं जुळेल असा निवडला होता, आणि वेळेचा हिशेब त्याच्या मागोमाग फरफटत आला. पुढें यंत्रें चपळ झालीं तसे टोलेहि वाढले. लिनक्स या प्रणालींत ते प्रथम सेकंदाला १०० होते, नंतर कांहीं काळ १,००० झाले.

अशा स्फटिकांत दहा लाखांमागें पन्नासेक कंपांची चूक ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे. तरी तेवढ्यानें दिवसाला सवाचार सेकंदांचा फरक पडतो. पण ती चूक निदान संथ असते. रोज तेवढीच. तिचा अदमास घेतां येतो.

आतां आभासी यंत्राकडे वळूं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केंब्रिज नांवाचें गांव आहे. तेथील आय.बी.एम. कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ सालीं एक साहस आरंभिलें. त्या काळीं संगणक म्हणजे दालन भरून टाकणारी व लाखो डॉलर किंमतीची वस्तु. ती एका वेळीं एकाच्याच उपयोगीं पडावी हें परवडणारें नव्हतें. या मंडळींनीं असा एक कार्यक्रम रचला कीं, त्याच्या योगानें एकच यंत्र चौदा स्वतंत्र यंत्रांसारखें भासावें. प्रत्येकाला वाटावें, सबंध यंत्र आपलेंच आहे. सी.पी.-४० या नांवानें तो १९६७ च्या जानेवारींत नित्य वापरांत आला. खऱ्या यंत्रावर बसून सर्वांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यक्रमाला यजमान म्हणतात, आणि त्याच्या आश्रयाला राहणाऱ्या आभासी यंत्रांना पाहुणे. नांवें अगदीं समर्पक आहेत. यजमान एका पाहुण्याला क्षणभर काम करूं देतो, मग त्याला जागच्या जागीं निजवितो, दुसऱ्याला उठवितो, मग तिसऱ्याला. पाहुण्याला आपण निजलों होतों याची वार्ताहि नसते. त्याच्या दृष्टीनें जग अखंड चाललेलें असतें.

येथेंच गोम आहे. स्मृति, कागद, छापण्याचें यंत्र या सर्वांचा भास निर्माण करतां येतो. कारण पाहुणा जें जें मागेल तें तें यजमान स्वतः पुरवितो. काळ मात्र यजमानाच्या मालकीचा नाहीं. पाहुणा निजला असतां बाहेरचा सूर्य थांबत नाहीं, आणि जागा झाल्यावर पाहुण्याला बाहेरच्या जगाशीं पत्रव्यवहार करावयाचा असतो.

केंब्रिजच्या मंडळींना ही अडचण कळली नव्हती असें नाहीं. त्यांच्या यंत्रांत स्मृतीच्या ८० व्या स्थानीं एक उतरती संख्या ठेवलेली असे, तिलाच कालमापक म्हणत. पाहुण्याच्या वांट्याला आलेला कालमापक पाहुणा काम करीत असेल तेवढाच चाले. म्हणजे तो घड्याळापेक्षां मजुरीच्या हजेरीपटासारखा होता. पुढें १९७० पासून आलेल्या सिस्टिम/३७० या यंत्रमालेंत कंपनीनें फार शहाणपणाची गोष्ट केली. दिवसाची वेळ सांगणारें घड्याळ निराळें केलें, आणि केलेल्या श्रमाचा काळ मोजणारें घड्याळ निराळें. पहिलें घड्याळ १ जानेवारी १९०० पासूनचा काळ सांगे, आणि पाहुण्यालाहि तें वाचण्याची मुभा होती. आपण किती राबलों आणि जगांत किती वाजले, हे प्रश्न दोन आहेत, ही समज त्या यंत्राच्या रचनेंतच होती.

१९७४ सालीं जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघां विद्वानांनीं आभासी यंत्राचें शास्त्रशुद्ध लक्षण लिहून ठेवलें. त्यांत त्यांनीं म्हटलें कीं, आभासी यंत्रावर चालविलेला कार्यक्रम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे. मात्र लगेच दोन अपवाद नमूद केले. साधनसामग्री कमी असल्यानें पडणारा फरक हा एक, आणि वेळेवर अवलंबून असणाऱ्या गोष्टींत पडणारा फरक हा दुसरा. ज्यांनीं या विद्येचें व्याकरण घातलें त्यांनींच काळाला नियमाबाहेर ठेवलें होतें. पुढें या शास्त्रांत जी गडबड उडाली तिचें बीज या अपवादांत कोणालाहि वाचतां आलें असतें.

पण मध्यंतरीं संगणक स्वस्त झाले. ज्याला त्याला स्वतःचें यंत्र मिळूं लागल्यावर एका यंत्राचीं चौदा करण्याची गरज कोणाला? मोठ्या कंपन्यांच्या दालनांत ही विद्या चालू राहिली. इतरत्र ती मागें पडली. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि तिनें १९९९ सालीं साध्या वैयक्तिक संगणकावर आभासी यंत्रें चालवून दाखविलीं, तेव्हां ती पुन्हां पुढें आली. दुर्दैव असें कीं, या साध्या संगणकांत सिस्टिम/३७० मधला विवेक नव्हता. तेथें घड्याळ म्हणजे टोले मोजणें, एवढीच समज होती.

मग जोशीबोवांची डुलकी शब्दशः खरी झाली. समजा, पाहुण्याला सेकंदाला १,००० टोले हवे आहेत, आणि यजमानानें त्याला सेकंदाचा दहावा भाग निजवून ठेवलें. तेवढ्यांत १०० टोले पडून गेले. पण टोल्याची सूचना ही बुडालेल्या वाटीसारखी असते; ती एकदां लागली कीं लागली, तिच्यावर दुसरी चढत नाहीं. जागा झालेला पाहुणा एकच खूण करी आणि ९९ टोले कायमचे हरवत. यजमानावर भार जितका अधिक, तितकें पाहुण्याचें घड्याळ मागें. शंभरांत एक टोला हरवला तरी दिवसाअखेर १४ मिनिटें २४ सेकंद कमी भरतात.

यावर व्हीएमवेअरनें तोड काढली ती अशी. हरवलेल्या टोल्यांची बाकी यजमानानें आपल्या वहींत मांडून ठेवावी, आणि पाहुणा जागा झाला कीं ते थकलेले टोले त्याला भराभर द्यावे. पाहुण्याचें घड्याळ कांहीं काळ दुडक्या चालीनें धांवे आणि खऱ्या वेळेला गांठी. तोड बरी होती. परंतु त्याच सुमारास लिनक्सच्या कर्त्यांनींहि स्वतंत्रपणें एक युक्ति योजिली होती. टोला पडतांना मागील टोल्यापासून किती कंप झाले हें पाहावें, आणि मधले टोले चुकले असें वाटल्यास त्यांच्याहि खुणा आपणच करून टाकाव्या. दोघांची नियत चांगली, पण परस्परांना परस्परांचा पत्ता नाहीं. एकाच चुकीची दुरुस्ती दोनदां होऊं लागली, आणि जें घड्याळ मागें पडत होतें तें पुढें पळूं लागलें! जोशीबोवांनीं चुकलेल्या घटकांच्या खुणा कराव्या आणि घरधन्यानेंहि गुपचूप त्याच कराव्या, तर मुहूर्त लागण्यापूर्वींच अक्षता पडायच्या.

याशिवाय टोल्यांचा खर्च निराळाच. एका यंत्रावर दहा पाहुणे, प्रत्येकाला सेकंदाला हजार टोले. म्हणजे कोणी कांहींहि काम करीत नसतांना यजमानानें सेकंदाला दहा हजार वेळां उठून निजलेल्यांना हलवावयाचें. ही वेठबिगार कमी करण्यासाठीं २००७ च्या सुमारास लिनक्सनें गरजेपुरताच टोला घेण्याची पद्धति स्वीकारली, हें योग्यच झालें.

दहा-पंधरा मिनिटें इकडेतिकडे झाल्यानें एवढें काय बिघडतें, असें म्हणणारे असतील. आगगाडी ज्यानें चुकविली आहे तो असें म्हणणार नाहीं. यंत्रांचें तर त्याहून अवघड. पेढ्यांचे व्यवहार, भांडवलबाजारांतील सौदे, रुग्णालयांतील नोंदी यांवर वेळेचा शिक्का असतो, आणि अगोदर काय घडलें व मागाहून काय, याचा निवाडा त्या शिक्क्यावरून होतो. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत निघालेली कर्बेरॉस नांवाची ओळख पटविण्याची पद्धति दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक अंतर दिसलें कीं सामान्यतः प्रवेशच नाकारते. कारण शिळें ओळखपत्र दाखवून चोर आंत येऊं नये. पाहुण्याचें घड्याळ मागें पडलें कीं घरच्याच माणसाला दार बंद!

टोले मोजण्यांतील सूक्ष्म चूक किती महाग पडते याचें याहून दारुण उदाहरण आभासी यंत्राचें नव्हे, खऱ्याच यंत्राचें आहे. आखाती युद्धांत २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरेबियांतील धाहरान येथें अमेरिकन सैन्याच्या पेट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी सुमारें १०० तास अखंड चालू होती. तिचा संगणक सेकंदाचे दशांश मोजी. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतींत नेमकी मांडतां येत नाहीं. २४ अंकांनंतर ती छाटावी लागे, आणि दर टोल्याला केसाएवढी चूक होई. शंभर तासांत ती सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली. चालून येणारें इराकी स्कड तेवढ्या वेळांत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतें. पेट्रियटनें आकाशाच्या भलत्याच भागांत त्याला शोधलें, आणि २८ सैनिक प्राणांस मुकले. दुरुस्त केलेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशीं धाहरानला पोंचला.

विचारण्याच्या रीतीचा पुरस्कर्ता डेव्हिड मिल्स. डेलावेअर विद्यापीठांतील या प्राध्यापकांची दृष्टि जन्मापासून अधू होती, आणि उतारवयांत ती जवळजवळ गेली; १७ जानेवारी २०२४ रोजीं ते वारले. त्यांच्या संदेशजालीय कालनियमाचा, एन.टी.पी.चा, पहिला लेखी पाठ सप्टेंबर १९८५ चा. त्याची रचना सुंदर आहे. एक यंत्र दुसऱ्याला विचारतें, 'किती वाजले?' प्रश्न निघाल्याची, पोंचल्याची, उत्तर निघाल्याची आणि पोंचल्याची अशा चार वेळा टिपून घेतात. जातांयेतांना सारखाच वेळ लागला असें धरून या चार आंकड्यांवरून आपलें घड्याळ किती चुकलें तें काढतां येतें. मग तें एकदम न ढकलतां हळूहळू वळवितात, ही मिल्स यांची खरी दूरदृष्टि. कारण काळ मागें उडी मारूं लागला तर यंत्रांतले सारे हिशेब उलटेपालटे होतात.

परंतु मिल्स यांच्या नियमाच्या मुळाशीं एक गृहीत होतें. समोरचें घड्याळ खऱ्या स्फटिकाचें आहे, म्हणजे त्याची चूक संथ आहे. म्हणून वळविण्याची कमाल मर्यादा त्यांनीं दहा लाखांस ५०० ठेविली. दिवसाला सुमारें ४३ सेकंद. दिवसाला १४ मिनिटें हरवणाऱ्या पाहुण्यापुढें ही मात्रा काय पुरणार? शिवाय त्याचें घड्याळ कधीं निजलेलें, कधीं दुडक्या चालीवर. नाडी पाहावयाला हात धरावा तों ती दर वेळीं निराळीच लागे.

वाट सांपडली ती भास टाकून देण्यांत. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत झेन नांवाचा यजमान-कार्यक्रम तयार झाला; त्याचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. झेनच्या कर्त्यांनीं ठरविलें कीं, पाहुण्याला तो पाहुणा आहे हें सांगून टाकावें. त्याच्यापुढें लटका टोल्यांचा खेळ मांडण्याऐवजीं त्याला तीन गोष्टी उघडपणें द्याव्या: यंत्र चालू झाल्यापासून खरोखर लोटलेला काळ, त्याच्या स्वतःच्या वांट्याला आलेला श्रमाचा काळ, आणि खऱ्या काळांत किती मिळविले म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ येते तो आंकडा. सिस्टिम/३७० चा विवेक तीस वर्षांनीं परत आला. पुढें लिनक्समध्यें के.व्ही.एम. हा यजमान २००७ सालीं दाखल झाला, त्यालाहि लौकरच असेंच घड्याळ मिळालें. यजमानानें स्मृतीच्या एका पानावर आंकडे लिहून ठेवावे, पाहुण्यानें हवें तेव्हां तें पान वाचून वेळ काढावी. निजल्यामुळें बुडालेला काळहि आतां 'चोरीस गेलेला काळ' या नांवानें पाहुण्याच्या वहींत मांडला जातो.

भिंतीवरच्या वेळेसाठीं मिळवावयाचा हा आंकडा मुंबईकरांना परका वाटूं नये. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईंत १९५५ पर्यंत मुंबईची वेळ टिकून होती, ती ३९ मिनिटें मागें. दोन घड्याळें दोन आंकडे दाखवीत. पण दोघांची चाल एक, म्हणून ३९ मिळविले कीं तंटा मिटे. आंकड्यांतला फरक कधींच धोक्याचा नसतो, चालींतला असतो. पाहुण्याची चालच यजमानाच्या चालीला बांधली गेल्यावर बाकी राहिली ती केवळ बेरीज.

तथापि एक नवें संकट याच सुमारास उभें राहिलें होतें. चालत्या पाहुण्याला न थांबवितां एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेण्याची विद्या निघाली होती. २००५ सालीं केंब्रिजच्या त्याच मंडळींनीं लोक खेळत असलेला एक खेळ अवघ्या ६० सहस्रांश सेकंदांच्या खंडानें दुसरीकडे हलवून दाखविला. पण नव्या यजमानाचा स्फटिक निराळा. त्याची मोजणी निराळ्या क्षणीं सुरू झालेली. मिल्स यांच्या पद्धतीनें पाहुण्यानें जुन्या स्फटिकाचा जो स्वभाव शिकून ठेविला होता तो नव्या घरीं चुकीचा ठरे. मेलबर्न येथील संशोधकांनीं २०१० सालीं यावर एक निबंध लिहिला, त्याचा मथळाच 'काळ सोडून सर्व कांहीं आभासी करा' अशा अर्थाचा होता. पाहुण्यानें घड्याळ लावण्याच्या भानगडींत पडूंच नये. यजमानानें एकच घड्याळ नीट राखावें आणि पाहुण्यांनीं तें वाचावें, असें त्यांचें प्रतिपादन.

मोठ्या कंपन्यांनीं हा मार्ग बहुतांशीं मान्य केला. २०१७ सालीं अमेझॉननें आपल्या पाहुण्या यंत्रांसाठीं उपग्रह व आण्विक घड्याळांवर आधारलेली वेळ विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. भारतांत २८ एप्रिल २०२२ रोजीं संगणकसुरक्षेच्या सरकारी संस्थेनें आज्ञा काढली कीं, सेवा देणाऱ्या कंपन्यांनीं, क्लाऊड चालविणाऱ्यांनीं व इतर संस्थांनीं आपलीं घड्याळें राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशीं जुळवावीं. भारताची प्रमाणवेळ ही प्रयोगशाळाच आण्विक घड्याळांच्या साहाय्यानें राखते.

एक प्रसंग मात्र अजून नाजूक आहे. पाहुण्याला नुसतें क्षणभर निजविण्याऐवजीं त्याचें सबंध चित्र टिपून कपाटांत ठेवतां येतें, आणि महिन्यानें, वर्षानें त्याच क्षणापासून पुन्हां जागें करतां येतें. इतकेंच नव्हे, तर एका चित्रावरून दहा पाहुणे उठवितां येतात. उठणारा प्रत्येक जण अजून मागच्याच वर्षांत असतो. त्याच्या जवळचीं ओळखपत्रें मुदत संपून गेलेलीं, आणि त्याच्या भावंडांनीं तोंच पत्रव्यवहार सुरू केलेला. अलीकडे लिनक्समध्यें यासाठीं एक सोय आली आहे: यजमान वेळेच्या पानावरच एक खूण बदलतो, आणि ती बदललेली दिसतांच पाहुण्यानें ओळखावें कीं मध्यें खंड पडला आहे, आपल्या घड्याळावर आतां विश्वासूं नये, पुन्हां विचारावें.